चेकरमामांची सुतळी

आमच्या गल्लीतल्या चेकरमामांच्या सदऱ्याच्या खिशात कायम एक सुतळी असायची. लोकांच्या खिशात पेन असतं, चष्म्याचं घर असतं, फार तर तंबाखूची पुडी असते. ह्यांच्या खिशात सुतळी. माणूस समोर आला की ते ती काढणार, त्याच्या टाचेपासून टाळूपर्यंत उंची मोजणार, सुतळी मधोमध दुमडणार आणि ती दुमडलेली सुतळी त्याच्या पोटाभोवती घालणार. दोन्ही टोकं एकमेकांना भेटली तर मामा मान डोलवायचे. नाही भेटली तर मधली फट बोटांनी दाखवून रस्त्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे, "पाव्हणं, एवढं सामान जास्तीचं घेऊन प्रवास चाललाय तुमचा."

आमच्या ह्यांना त्यांनी भाजीच्या गाड्यापाशी गाठलं होतं. ह्यांच्या एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात मेथीची जुडी, त्यामुळं अडवायलाही हात मोकळा नाही. फट चांगली वीतभर निघाली. भाजीवाला हसला, भाजी घ्यायला आलेल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. हे घरी आले, मेथी ओट्यावर आपटली आणि मला म्हणाले, त्या माणसाला सांगून ठेव, पोट माझं आहे आणि मी ते माझ्या पगारावर वाढवलंय. मी काय सांगणार कपाळ? मला तर त्या माणसाशी रोज सकाळ-संध्याकाळ गाठ होती. भिंतीला भिंत लागून घर.

बायकांना मात्र ते स्वतः हात लावत नसत, एवढी रीत पाळायचे. दारात यायचे, सुतळी हातात द्यायचे आणि भिंतीकडं तोंड करून उभे राहायचे. म्हणायचे, "मोजा तुम्हीच. मी बघत नाय. पण खोटं बोलायचं काम नाय." आता सांगा, स्वतःच्या घरात, स्वतःच्या कमरेला सुतळी लावून, भिंतीकडं तोंड केलेल्या परक्या माणसाला खरा आकडा सांगायची वेळ कोणावर येते का? माझ्यावर आली. मी फट निम्मी करून सांगितली. ते भिंतीकडं बघतच म्हणाले, "ताई, तीस वर्षं तिकिटं तपासली. आवाजावरनं कळतं." मी दार लावून घेतलं.

मामांचं नाव विठोबा सोळुंके. एसटीत तिकीट तपासनीस होते. रस्त्यात कुठंतरी बाभळीच्या सावलीत उभं राहायचं, बस आली की हात करायचा, आत चढायचं आणि "दाखवा" म्हणायचं, ही त्यांची जन्माची नोकरी. निवृत्त व्हायच्या सुमाराला डेपोत कुठलंसं आरोग्य शिबिर झालं. तिथल्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं की कमर उंचीच्या निम्म्याच्या आत ठेवा, मीठ-साखर-तेल बेतानं खा, तंबाखूला हात लावू नका, रोज चाला, रक्तदाब तपासून घेत चला. हार्ट, लकवा, शुगर, ह्यातलं पुष्कळसं लांब ठेवता येतं. बाकीच्या लोकांनी ऐकलं, शिबिरातला चहा प्यायला आणि घरी गेले. मामा घरी आले ते सुतळी घेऊन. नोकरी संपली, पण "दाखवा" काही संपलं नाही. आधी तिकीट दाखवा म्हणायचे, आता ताट दाखवा, जीभ दाखवा, पिशवीत काय आहे दाखवा.

घरात ते आणि त्यांची लेक शकू, दोघंच. मामी कधीच गेल्या. शकू पस्तिशी उलटलेली, पण मनानं सात-आठ वर्षांच्या पोरीएवढी. लहानपणी मेंदूज्वर झाला होता म्हणतात. अंगानं धडधाकट, हसरी, सांगितलेलं काम चुकूनही न चुकणारी, पण एकटी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गेली तर परत यायचा रस्ता हरवून बसणारी. मामांच्या माघारी हिचं कसं होणार, हा प्रश्न गल्लीत प्रत्येकाच्या मनात होता. विचारत कोणी नव्हतं, कारण विचारलं तर उत्तरही आपल्यालाच द्यावं लागेल अशी धास्ती.

शकू दिवसभर माझ्याकडंच असायची. माझा घरगुती फराळाचा धंदा. पुढच्या खोलीत शेव, चकली, चिवडा, लाडू. लग्नसराईत रुखवताच्या ऑर्डरी. आमचे हे शेंद्र्याला कंपनीत, तिथं तेव्हा एकेक नवी कंपनी उभी राहत होती, पण नोकरी टिकेल की नाही ह्याचा भरवसा नसायचा. त्यामुळं घर माझ्या कढईवर उभं होतं असं म्हटलं तरी चालेल. शकू शेंगदाणे निवडायची, पोहे चाळायची आणि पीठ भिजवायच्या वेळी मीठ घालायची. मिठाची वाटी मी तिला ठरवून दिली होती. ह्या वाटीनं एकदा, काठोकाठ. एकदा शिकवलं, परत सांगावं लागलं नाही. मी विसरेन, शकू विसरणार नाही.

आता मला सांगा, ज्या बाईचं पोट शेव-चकलीवर चालतं, तिच्या शेजारी देवानं असा माणूस का आणून ठेवावा? गिऱ्हाईक माझ्या दाराशी आलं की मामा त्यांच्या ओट्यावरून उठायचे. एकदा एक बाई दिवाळीला शेव न्यायला आली. तिनं चांगली मोठी पिशवी आणली होती, मी मनातून खूश. मामा पायरीशी येऊन उभे राहिले आणि अगदी सोयऱ्यासारखी चौकशी करायला लागले की घरात माणसं किती, सासऱ्यांना बीपी आहे का, नवरा सिगारेट ओढतो का, त्यांच्या वडलांना काय झालं होतं. बाई बिचारी सगळं सांगत गेली. सांगता सांगता तिचा चेहरा पडला, आणि शेवटी पावशेर शेव घेऊन गेली. मी म्हटलं, मामा, हे काय केलंत? तर मलाच समजावतात, "ताई, तुमचा माल चांगला हाये. म्हून तर भ्या वाटतं. वाईट असता तर कोन खाल्लं असतं?" ह्यावर काय बोलायचं? रागावावं तर माल चांगला आहे म्हणतोय, खूश व्हावं तर गिऱ्हाईक घालवतोय.

पहाटे तर गल्लीचा जीवच नको करायचे. दारावर टकटक आणि हाक, "चला, गाडी सुटायली." गोगाबाबाच्या टेकडीवर जायचं. टेकडी आमच्याकडून किती लांब, हे ज्याला माहीत आहे त्यालाच ह्यातला छळ कळेल. आमचे हे दोन-तीनदा गेले. तंबाखूची चंची घरी ठेवून यायची, अशी मामांची अट. ह्यांनी ती मोज्यात लपवली. टेकडीच्या पायथ्याशी मामा थांबले, ह्यांच्या चालण्याकडं बघितलं आणि म्हणाले, उजवा पाय जड पडतोय, दाखवा. भर रस्त्यात मोजा काढायला लावला. चंची स्वतःच्या खिशात घातली आणि तिच्या जागी भाजलेल्या जवसाची पुडी दिली. हे घरी येऊन माझ्यावरच ओरडले. दिवसभर जवस चघळून दातांत अडकलं, कंपनीत साहेबासमोर बोलता येईना. पण एक खरं, त्या दिवशी तंबाखू खाल्ली नाही. दुसऱ्या दिवशी नवीन चंची आणली ती गोष्ट वेगळी.

मामांचं स्वतःचं खाणं असं की बघणाऱ्याची भूक मरावी. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, कारळ्याची चटणी, वाटीभर ताक. साखर घरात नाही. मीठ देवाच्या नैवेद्याच्या इवल्याशा वाटीत, तेवढं दोघांना पुरवून पुरवून. लग्नाला गेले तर पंगतीत बसायच्या आधी एक फेरी मारून सगळ्यांच्या ताटांकडं बघून येणार. कोणी तिसरी जिलबी घेतली की मागून आवाज यायचा, "उतरायची घाई झाली का?" नवऱ्या मुलाच्या बापालासुद्धा सोडलं नाही. लग्नघरच्यांनी पुढं त्यांना पत्रिका देतानाच सांगायला सुरुवात केली, मामा, अक्षता टाकायला या, जेवायला तुमच्यासाठी डबा घरी पाठवतो.

एका थंडीत माझ्या दिरानं शेतावर हुरड्याला बोलावलं. गल्लीतली पाच-सहा घरं टेम्पोत बसून गेलो, मामा आणि शकूही आले. आगटीतून कोवळी कणसं निघताहेत, हातावर चोळून गरम हुरडा समोर येतोय, बरोबर शेंगदाण्याची चटणी, गूळ, माझी शेव. माणसाला आणखी काय पाहिजे? मामा हुरड्यावर खूश होते. म्हणाले, हे खरं खाणं. पण गुळाची ढेप त्यांनी उचलून बैलाच्या गव्हाणीत नेऊन टाकली, आणि शेवेची पिशवी घेऊन तिच्यावर बसले. चक्क बसले. दीर माझ्याकडं बघायला लागला, मी आभाळाकडं. वर प्रत्येक घासामागं शेताला एक चक्कर मारायचा हुकूम. पहिली चक्कर सगळ्यांनी हौसेनं मारली. दुसऱ्या चकरेला निम्मी माणसं विहिरीआड जाऊन बसली. तिसऱ्या चकरेला शकू आणि मामा, दोघंच हातात हात घालून बांधावरून चालत होते आणि शकू मोठमोठ्यानं गाणं म्हणत होती. दिरानं मला बाजूला घेऊन सांगितलं, वहिनी, पुढच्या वेळी तुम्ही या, पण हे पार्सल आणू नका.

इथवर मी सोसलं. शेजारधर्म म्हणून सोसलं, शकूकडं बघून सोसलं. पण त्यांनी जे रुखवताचं केलं, ते ऐकून तुम्हीच सांगा, माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं.

लासूर स्टेशनच्या अडत व्यापाऱ्याच्या घरचा मुलगा, आमच्या गल्लीच्या पलीकडची मुलगी. लग्न क्रांती चौकाजवळच्या कार्यालयात. मुलीच्या आईनं रुखवताची सगळी ऑर्डर मला दिली. शेव, चकल्या, कडबोळी, चिवडा, सगळं मोठ्या परातींतून मांडायचं. ही ऑर्डर जमली असती तर लासूरच्या बाजारपेठेतली सगळी घरं माझ्याकडं आली असती. मी दोन दिवस कढईसमोरून उठले नाही. मागं शकू पीठ मोजून, मीठ घालून परात पुढं सरकवायची, मी भिजवून तळायची. आणि रुखवताचं चाखायचं नसतं. पहिला घास पाव्हण्यांचा, आधी तोंडात टाकलं तर ते उष्टं होतं. माझ्या सासूनं मला हे शिकवलं, मी कधी मोडलं नाही. वास छान येत होता, रंग छान आला होता, मी निर्धास्त.

लग्नाच्या दिवशी मी घरी जरा पाठ टेकली होती, तोवर मुलीचा चुलता स्कूटर घेऊन दारात. चला म्हणाला, आत्ताच्या आत्ता चला. काय झालं ते सांगेना. कार्यालयात गेले तर रुखवताभोवती ही गर्दी. नवऱ्या मुलाच्या मामीनं शेव तोंडात टाकली होती आणि तोंड वाकडं केलं होतं. मग चकली, मग कडबोळं. कशालाच मीठ नाही. नाही म्हणजे असून नसल्यासारखं. नवऱ्या मुलाचा मामा कमरेवर हात ठेवून उभा होता. आवाज चढवला नाही त्यानं, तेच वाईट. मुलीच्या बापाला म्हणाला, "पाव्हणं, अळणी सुतकात खातेत. आमच्या घरी कोन मेलं, ते तरी सांगा."

मुलीची आई रडत होती. मुलीचा बाप माझ्याकडं असा बघत होता की धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. मी एक शेव उचलली, तोंडात टाकली. मी हात जोडले. म्हटलं, चूक माझी, घरातल्या कोणाची नाही, पोरीच्या बापाची तर मुळीच नाही. जेवणाच्या पंगती उठायच्या आत सगळं परत करून आणते. मग ह्यांना कंपनीतून बोलावून घेतलं, दोघांनी मिळून परत सगळं तळलं, रिक्षात घालून नेलं. लग्न लागलं, पंगती उठल्या, नवऱ्या मुलाची मामी शेव खाऊन गप्प बसली. पण माझ्या नावाला जे लागायचं ते लागलं. त्या महिन्यात ठरलेल्या दोन ऑर्डरी गेल्या. एकीनं तर फोनवर मला सरळ विचारलं, तुम्हीच का त्या अळणीवाल्या बाई?

घाईत परत तळताना मीठ मी हातानंच घातलं होतं, डब्यात डोकावून बघायला उसंत नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी मिठाचा डबा उघडला. माझी वाटी त्यात नव्हती. तिच्या जागी नैवेद्याची इवलीशी वाटी होती. ती कोणाच्या घरची, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. शकूनं नेहमीसारखं एकदाच, काठोकाठ घातलं होतं. तिचं काय चुकलं?

मी वाटी मुठीत धरली आणि तरातरा शेजारच्या दारात गेले. मनात सगळं बोलणं तयार होतं. आजवर गिळलेलं सगळं, जिलबीपासून हुरड्यापर्यंत, एकदाच ओकायचं ठरवलं होतं.

मामा खुर्चीवर बसले होते आणि शकू त्यांच्या पुढ्यात जमिनीवर. ते तिची वेणी घालत होते. तेल लावून, भांग सरळ पाडून, तीन पेड घट्ट धरून. तोंडात लाल रिबीन. मला बघून त्यांनी वेणी अर्धी सोडली नाही, पुरी केली, रिबीन बांधली. मग शकूला म्हणाले, जा, मागं नळाला पाणी आलंय का बघ. ती गेली. मी वाटी त्यांच्यासमोर जमिनीवर ठेवली. ठेवली कसली, आपटलीच.

मला वाटलं, आता ते मिठाचं पुराण लावतील. पण ते वाटीकडं बघत म्हणाले, "शकूला काढू नका ताई. तिला काय म्हाईत नाय. वाटी म्या बदलली."

मी म्हटलं, शकूला काढायचा प्रश्नच नाही, तिनं सांगितलेलं केलं. पण तुम्ही का केलंत? लोकांच्या लग्नात माझं नाक कापून तुम्हाला काय मिळालं? कोणाच्या रक्तदाबासाठी माझा धंदा बुडवायला निघालात? लासूरच्या त्या मामीसाठी?

"त्यांचं मला काय घेनंदेनं?" मामा म्हणाले. "तुमच्यासाठी. दिवसभर कढईपाशी चाखत बसता. संध्याकाळी तुमचे पाय सुजतेत. चप्पल काढली की पट्ट्याचे वळ दिसतेत, म्या रोज बघतो. तुम्हाला सांगून ऐकत नाय. म्हनलं, गुपचूप कमी करावं. रुखवताचं हाये, चाखायचं नसतं, हे ध्यानातच आलं नाय."

माझे पाय सुजतात हे खरं होतं. घरात कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. आणि त्यामुळंच मी जास्त चिडले. म्हटलं, माझ्या पायांचं तुम्हाला काय करायचंय? मला नवरा आहे, घर आहे. स्वतःला शंभर वर्षं जगायची हाव सुटलीय ती सुटू द्या, दुसऱ्याला कशाला ओढता त्यात?

मामांनी जमिनीवरची वाटी उचलून हातात घेतली. मागच्या दारी शकू बादली नळाखाली ठेवत होती, तिचा आवाज येत होता. मग हळू म्हणाले, "शंभर वर्षं जगलो तरी मीच आधी जानार ताई. ती माझ्या निम्म्यानं लहान हाये. चालून चालून, अळणी खाऊन खाऊन म्या किती पल्ला मारनार? तिच्या चुलत्याकडं वैजापूरला दोनदा ठेवून बघितलं. तिथं ती जेवत नाय. तुमच्याकडं जेवती. म्हनलं, माझं ऱ्हाऊ द्या. ज्यांच्या घरी ही जेवती ती मानसं तरी टिकली पायजेत."

मी उभी होते ती त्यांच्या उंबऱ्यावर खाली बसले.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पलीकडच्या बंगल्यातले भालेराव ठेकेदार, ज्यांचं पोट फाटकातून आधी बाहेर येतं आणि मग ते येतात, त्यांना मामांनी कधी सुतळी लावली नव्हती. भालेरावांच्या पायरीवर शकू एकदा बसली होती तर त्यांनी कुत्र्यासारखी हाकलली होती. आणि आमच्या गल्लीतली शेखभाभी, ईदेला शकूसाठी शिरखुर्म्याची वाटी वेगळी काढून ठेवणारी, तिच्या मागं तर मामा वर्षभर साखर कमी कर म्हणून लागलेले, ती मला म्हणायची, "ये बुढ्ढा मेरी जान लेके रहेगा." आमचे हे रविवारी शकूला स्कूटरवर बसवून एक चक्कर मारून आणतात. त्या चंचीसाठी मोजा का उतरवला, हे मला आत्ता कळत होतं. बाकीच्यांना ते जाता-येता टोकायचे, पण हात धुवून ज्यांच्या मागं लागायचे ते सगळे शकूला घरात घेणारे होते, आणि माझा छळ सगळ्यात जास्त होता.

मला रडू येत होतं आणि रागही येत होता. आणि मला रडण्यापेक्षा रागवायला बरं जमतं. मी म्हटलं, "अहो, मग हे तोंडानं बोलायला काय झालं होतं? सुतळ्या काय लावता, वाट्या काय बदलता? सरळ विचारायचं होतं, पुष्पाताई, माझ्या माघारी शकूला बघाल का?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. आयुष्यभर लोकांना "दाखवा" म्हणणारा माणूस, पण तेव्हा त्यांना नजर वर ठेवता येईना.

"विचारलं असतं," ते म्हणाले, "अन् तुम्ही नाय म्हनला असता तर?"

मागून शकू आली, हात ओले, वेणीची रिबीन सुटलेली. नळाला पाणी आलंय म्हणाली, आणि मला विचारलं, मावशी, आज शेव करायची का? मी म्हटलं, करायची. माझी वाटी कुठाय ती घेऊन ये तुझ्या घरातनं. ती पळत आत गेली. मी मामांना सांगितलं, विचारलेलं समजते आणि हो म्हटलेलं समजा, पण माझ्या मिठाला परत हात लावलात तर बघा. आणि सकाळी हाक मारा. टेकडीबिकडी मला जमायची नाही, सपाटीवरून चालेन.

"ताई," मामा म्हणाले, "सुरुवातीला सपाटच बरं."

आता रोज पहाटे चालते. सुरुवातीचे चार दिवस हे मला हसले, मग तेही यायला लागले. तंबाखू अजून सुटली नाही, निम्म्यावर आलीय. चाखायचं काम मी शेखभाभीच्या सुनेला दिलंय, पगार देऊन. डॉक्टरकडं जाऊन रक्तदाब बघून घेतला, तर मामांचंच खरं निघालं. गोळी सुरू झाली, पायांची सूज उतरली. मामांना हे सांगितलं नाही, उगाच चढून बसतील.

पण खरं सांगू का, मला चालायचा कंटाळा येतो. गुडघे कुरकुरतात, थंडीत अंथरुणातून उठवत नाही, अळणी आमटी घशाखाली उतरत नाही. कितीतरी सकाळी वाटतं, जाऊ दे ना, असे किती दिवस राहिलेत आपले, खावं-प्यावं, जेव्हा बोलावणं येईल तेव्हा जावं. मग शेजारच्या दाराची कडी वाजते, शकू बाहेर येते आणि माझा हात धरते. घट्ट धरते, सोडत नाही. शकू माझ्याहून पुष्कळ लहान आहे. मला आता लवकर जाऊन चालायचं नाही.